तापट गणपती

चौऱ्याऐंशी सालच्या ज्येष्ठात दत्तात्रेयशेठनं आमच्या ह्यांना बजावलं, "काळुराम, दिवसाला चाळीस मूर्तींचे डोळे झाले पायजेत. नाय तर माती मळायला बस." जोह्याच्या त्या गणपती कारखान्यात हे पंधरा वर्षं डोळ्यांची आखणी करत होते. हात सुरेख, पण चाल गोगलगाईची. दिवसभरात बारा मूर्ती म्हणजे डोक्यावरून पाणी. पण आखणीतून काढलं असतं तर हे मनातून खचले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. दुसऱ्याच दिवशी ह्यांना एसटीत घातलं आणि पेणवरून रोह्याला हकीम मुकादमांकडे नेलं. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली, झोप कशी लागते ते विचारलं.

"ह्यांना आजार नाय, बाई," ते म्हणाले. "ह्यांचा मिजाज बलगमी. थंड, ओला पिंड. अशी माणसं सावकाश नि शांतच असायची."

"मग गरम करा की!"

"पिंड तापवला तर माणूस बिघडेल. तुमचा मात्र सफरावी हाय, गरम नि कोरडा. औषध द्यायचंच तर तुम्हाला देतो."

हे चक्क हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

औषध न देणारा हकीम कसला? येताना पेणच्या बाजारातून सुंठ, मिरी, लवंगा घेतल्या. पहाटे उठून गुळात लाडू वळायचे आणि "खोकल्याचे हायत" म्हणून ह्यांच्या हातावर ठेवायचे, असं सुरू केलं.

आठ दिवसांत गुण आला. हे भराभर जेवू लागले, चाळीसच्या चाळीस मूर्ती उरकू लागले. मी तर हवेतच होते. मग एका संध्याकाळी कालवण खारट झालं म्हणून ह्यांनी ताट भिरकावलं. अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मी भ्याले, खरंच भ्याले.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला बोलावणं धाडलं. गेले, तर फळ्यांवर ओळीनं गणपती, आणि एकूण एक देव डोळे वटारून बघतोय. भुवया चढलेल्या, नजर रोखलेली. असा बाप्पा घरात बसवला तर पोरं मोदक मागायला धजायची नाहीत. व्यापारी माल न उचलताच परत गेला होता.

"गेल्या सालासारखे डोळे पायजेत म्हणाला," शेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "ह्याला झालंय काय गो, पुतळी?"

मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. शेठ पोट धरून हसले. "बंद कर ती सुंठ! बारक्या मूर्तींचे डोळे दुसऱ्या कारागिराला, जनूला देतो. मोठ्या मूर्ती ह्याच्याच, दिवसाला बारा तर बारा."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. घरी येऊन उरलेले लाडू उकिरड्यावर टाकले.

पंधरवड्यात हे निवले. वटारलेले डोळे पांढऱ्या रंगानं झाकून सगळे पुन्हा आखले. त्या रात्री जेवताना मला राहवेना.

"अवो, ते लाडू खोकल्याचे नव्हते."

"ठाऊक व्हतं."

"मग खाल्लेत कशाला?"

"मी आखणीवर राहावं म्हणून तू पहाटेची उठत व्हतीस," हे म्हणाले. "नाय कसं म्हणू गो?"