सारवलेली बांधी

केवळरामची वाडी तुमसरात, राइस मिलच्या मागच्या गल्लीत. वाडी ती केवढी? मांजर आडवं झालं की शेपूट शेजारच्या ललिताबाईच्या अंगणात. पण तेवढ्यात धानाची एक बांधी, म्हणजे भाताचं खाचर होतं, छपराचं पाणी झेलणारी हातभर खोल बोडी होती, बोडीत मासे होते. कुंपणावरचा वाल तर असा माजलेला, की मागच्या हिवाळ्यात एक वेल विजेच्या तारेवरून चालत जाऊन बाबूलालच्या पानठेल्यावर शेंगा टाकून आला. बाबूलाल नाही म्हणतो. मग त्यानं भाजी खाल्ली ती कोणाच्या शेंगांची?

हा सगळा पसारा बायकोच्या, बेबीबाईच्या हातचा. गळलेला पाला वाफ्यावर, भांड्यांचं पाणी केळीला, किडे कोंबड्यांना. तिच्या राज्यात काही वाया जात नसे. केवळरामचं काम सांगेल ते करायचं आणि न सांगितलेलं करायचं नाही. यातला दुसरा भाग त्याला जन्मात जमला नाही.

दिवाळीच्या तोंडावर बेबीबाई बपेऱ्याला, भावाकडे बारशाला गेली. जाताना म्हणाली, "धान पिकलं की कापून ठेवजा."

केवळरामनं कापलं. मग त्याला प्रेमाचं भरतं आलं. बायको येणार, घर कसं लख्ख दिसलं पाहिजे! त्यानं सगळा पाला जाळला, धसकटं उपटली, आणि हात शिवशिवतच होते म्हणून मोकळी बांधीसुद्धा शेणानं जाडजूड सारवून टाकली. वर रांगोळी. अशी गुळगुळीत, की उडता बगळा खाली बघून भांग पाडून गेला, असं केवळरामच सांगतो.

बेबीबाई आली. पिशवी खाली ठेवून रांगोळीकडे बघत राहिली.

"कशी झाली?" केवळरामनं छाती फुगवून विचारलं.

"याच्यात लाखोरी होती," ती म्हणाली. "मायची."

आणि घरात गेली. त्यानंतर बोलणं बंद.

केवळरामसारख्या झाडीतल्या, धानाच्या मुलखातल्या माणसाला हे सुचू नये? कापणीआधी उभ्या धानातच, ओल्या चिखलात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं बी फेकतात. धान निघतं, खालून लाखोरी हिरवी होऊन वर येते. निघायच्या पहाटे, तो घोरत असताना, ती फेकून गेली होती. तिची माय तर उन्हाळ्यातच वारली. तिच्या बांधीतलं मूठभर बी उरलं होतं, तेवढं सगळं आता शेणाखाली गुदमरत होतं.

ताट वेळेवर आलं, चहा आला. शब्द तेवढा आला नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं गोड मानून घेतल्या असत्या.

सकाळी त्यानं तिचं जुनं लुगडं भिजवून बांधीवर पसरलं. शेण मऊ पडलं तिथे तिथे नखानं पापुद्रा उचलायचा, बी दिसलं की हात आखडायचा. मग बांधीवर पांघरायला पाला हवा, म्हणून पोतं घेऊन गल्लीत.

"ललिताबाई, तुमचा पाला देजा."

"काल तं आपला जाळून राहिले होते, भाऊ! आज भीक मांगून राहिले?"

"हो वो. घाला झोळीत."

परत येऊन तो पुन्हा लुगड्यावर पाणी शिंपडायला बसला. कुंपणावरून बाबूलालनं मान काढली.

"काय गा केवळराम, चिखलाले लुगडं नेसवून राहिला?"

"ताप आहे बांधीले. पट्ट्या ठेवून राहिलो."

"डॉक्टर काय म्हणते?"

केवळरामनं दाराकडे बघितलं. "डॉक्टर बोलूनच नाही राहिली."

दाराआडून फुस्सकन हसू सांडलं. पदर तोंडाशी धरून बेबीबाई बाहेर आली आणि त्याच्याशेजारी उकिडवी बसली.

"एवढं पाणी कायले? सडते बी."

"उगवल का वो?"

"मले काय माहीत." तिनं लुगड्याचं टोक उचललं, चिखलात बोट फिरवलं. "अर्धं तं तुमच्या पायाखाली गेलं. मीच सांगून जायले पाहिजे होतं."

"सांगतलं असतं तं ऐकलं असतं का मी?"

"नाही."

तिनं पोत्यातला पाला घेतला, चुरला, पातळ पसरू लागली. तोही तिचं बघून तसाच पसरू लागला.

"माय कशी फेकत होती, माहीत आहे?" ती हळूच म्हणाली. "माह्या हातात मूठ द्याची, अन् माहा हात धरून..."

केवळरामच्या जिभेवर बगळ्याची एक नवी गोष्ट आली होती. ती त्यानं गिळली आणि बांधीवर पाला पसरत ऐकत राहिला.