कुजबुज म्हणजे गोंगाट नव्हे

नाटक कंपनीत तिला सगळे कुजबुजबाई म्हणायचे. नाव चेष्टेत पडलं होतं, पण तिनं ते पदवीसारखं मिरवलं. ती प्रॉम्प्टर होती. विंगेतल्या एका खुर्चीवर बसायचं, नाटकाची वही मांडीवर उघडायची आणि नट अडखळला की पुढचा शब्द अशा बेतानं सोडायचा की तो नटाच्या कानात जावा, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याची चाहूलही लागू नये. बोलायला सोपं आहे. करून बघा म्हणजे कळेल. तीसेक वर्षं तिनं हेच केलं आणि भल्याभल्या नटांची लाज झाकली. टाळ्या त्यांना मिळाल्या, आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

तर अशी ही बाई नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या तोंडावर घरच्याच जिन्यावरून पडली. हातात ओल्या चादरींची बादली, पायरी दिसली नाही आणि कारभार आटोपला. पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये.

दिग्दर्शक भेटायला आला, फळं घेऊन आला, गोड बोलला. बोलता बोलता म्हणाला की त्याला एक सॉफ्टवेअर सापडलंय. रंगमंचाच्या कडेला टीव्हीसारखा पडदा लावायचा, नट बोलेल तशी अक्षरं आपोआप सरकत जातात. "तुम्ही निवांत आराम करा, बाई. आता कशाला तो ताप," असं तो म्हणाला. माणूस रजेवर गेला तर परत येतो, पण त्याच्या खुर्चीत यंत्र बसलं की ते उठत नाही, एवढं तिला कळत होतं. ती विंगेतली खुर्ची गेली तर तिच्याकडे राहणार काय? चादरी आणि बादली.

म्हणून तिनं तिथल्या तिथे सांगून टाकलं की मी घरून करते. फोनवरून. नायकाचं काम करणारा नट आता म्हातारा झाला होता. आवाज अजून खणखणीत, पण डोक्यातून वाक्यं निसटायची. त्याच्या कानात एक बारकं यंत्र बसवायचं, फोन कोटाच्या खिशात ठेवायचा, व्हिडिओ कॉलचं अॅप लावायचं आणि बाईनं घरून कुजबुजायचं. दिग्दर्शकानं मान डोलावली, पण एक अट घातली. रंगीत तालमीला हे जमलं तर ठीक, नाहीतर पडदा. आणि पडदा एकदा लावला की तोच कायमचा.

मग घरात चाचणी सुरू झाली आणि घरातल्या प्रत्येकाच्या अंगात तज्ज्ञ संचारला.

झालं होतं असं, की बाईचं साधं बोलणं नटाला लख्ख ऐकू जायचं. पण ती कुजबुजायला लागली की तिकडे सामसूम. "बाई, आहात ना?" असं तो विचारायचा. मोठ्यानं शब्द दिला तर आणखीनच घोटाळा, कारण कानात असं खेकसलेलं ऐकायची त्याला सवय नव्हती. तो दचकून "काय?" म्हणायचा, तेही तालमीत, भर प्रवेशात.

बाईच्या नवऱ्याचं मत पडलं की दोष राउटरचा. ते डबडं कपाटामागे ठेवलं तर दुसरं काय होणार? त्यानं ते उचलून कपाटावर ठेवलं, मग खिडकीत, मग स्टुलावर, आणि शेवटी स्वयंपाकघर आणि खोली यांच्या मधोमध, जिथे येणारा जाणारा प्रत्येक जण वायरीत पाय अडकवून मरता मरता वाचायचा. त्याच्या अँटेना तो अशा प्रेमानं वळवायचा की तितक्या प्रेमानं त्यानं बायकोचं प्लॅस्टरही कधी हलवलं नव्हतं. दीर शेजारच्याच खोल्यांत राहायचा. त्याचं म्हणणं, राउटर बिचारा काय करेल, कनेक्शन देणारी कंपनीच भिकार आहे. मी सांगतो ती घ्या. ती त्यानं घेतली होती का, असं विचारल्यावर तो म्हणाला की त्याचा विचार चालू आहे. शिवाय हे अॅप जुनाट, आता कोण वापरतं ते, दुसरं टाका. दुसरं टाकलं. त्याला पासवर्ड हवा होता, आणि पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह हवं होतं. दिरानं चिन्ह म्हणून टाकलेला ठिपका त्याला चालेना. शेवटी ते एकदाचं सुरू झालं, तर तिथेही कुजबुज गायब.

जाऊबाईचा उपाय एकच होता, सगळ्या रोगांवर तोच. बंद करून परत चालू करा. तिनं राउटर बंद करून चालू केला, फोन बंद करून चालू केला आणि बाई सावध बसली नसती तर तिलाही बंद करून चालू केलं असतं.

आपापली मतं मांडताना दोघे भाऊ असे हमरीतुमरीवर आले की बाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पाय मोडलाय माझा, खुर्ची जातेय माझी आणि भांडताय तुम्ही, असं ती म्हणाली. मग दोघेही जरा वेळ ओशाळून बसले. जरा वेळच.

उद्यावर रंगीत तालीम आली होती. बाई अंथरुणात भिंतीला टेकून बसली होती आणि तिचा धीर सुटत चालला होता. जाऊबाई तिचं मन रमवावं म्हणून काहीबाही सांगत होती. ती घरूनच एका ऑफिसचं काम करायची. म्हणाली, "माझं बघा, ताई. मीटिंग चालू असताना मी इकडे मिक्सर फिरवते. साहेबाला पत्ता नाही. हे अॅप मिक्सरचा आवाज गिळूनच टाकतं."

बाई ताठ बसली.

"पंख्याचा पण?" तिनं विचारलं.

पंख्याचा पण, जाऊबाईनं सांगितलं. कुकरची शिट्टी, भांडी, रस्त्यावरच्या गाड्या, सगळ्याचा. फक्त बोलणं पुढे जातं.

आता बाईच्या डोक्यात लख्ख उजाडलं. कुजबुजीत कंठ नसतो, नुसती हवा असते. त्या अॅपला बोलणं हवं होतं आणि हवेला ते गोंगाट समजत होतं. तीस वर्षं जपलेली तिची कला त्यानं मिक्सरच्या आणि पंख्याच्या पंगतीला बसवून केरात काढली होती. एवढा अपमान तिचा एकाही नटानं केला नव्हता, आणि नट काय चीज असतात ते तिला विचारा. पण अपमानाबरोबर तिला असा आनंद झाला की ती उठायलाच निघाली, आणि पायानं तिला परत बसवलं.

तिनं नवऱ्याला हाक मारली आणि सांगितलं की राउटर राहू दे, अॅपच्या पोटात शिरा आणि ही आवाज गाळायची खोड कुठे असेल तिथे ती बंद करा. त्याच्या मताला मत म्हणून कुणी किंमत दिली नसेल, पण माणूस चिकाटीचा. चष्मा कपाळावर चढवून तो सेटिंगमध्ये शिरला तो बाहेर येईना. शेवटी सगळ्यात तळाशी त्याला एक ओळ सापडली. आवाज मुळात आहे तसा पाठवा. ती चालू केल्यावर अॅपनं बजावलं की आजूबाजूचे सर्व आवाज पलीकडे ऐकू जातील. तसंच नटाच्या फोनवरही करून घेतलं. मग बाई कुजबुजली आणि तिकडून म्हातारा जवळजवळ रडक्या आवाजात म्हणाला, "आल्या. बाई आल्या."

रंगीत तालीम पार पडली. दिग्दर्शक म्हणाला, बरं झालं, पण पडदा असू दे कडेला, सोबतीला. उद्या खऱ्या प्रयोगात काय होतं ते बघू आणि मग ठरवू. म्हणजे सुरी मानेवरून उचलली नव्हती.

खरी पंचाईत पुढे होती. सर्व आवाज पलीकडे जाणार म्हणजे सर्वच. पंखा, फ्रिज, नळ, आणि या घरात सगळ्यात जास्त चालणारं यंत्र म्हणजे माणसांची तोंडं. बाईनं प्रयोगाच्या संध्याकाळी फर्मान काढलं. नाटक संपेपर्यंत या घरात कुणी बोलायचं नाही, शिंकायचं नाही, मत मांडायचं नाही. पंखा बंद झाला, फ्रिजची वायर निघाली. नवरा, दीर आणि जाऊबाई समोरच्या बाकावर घाम पुसत ओळीनं बसले. जायला सांगितलं तरी गेले नाहीत. बाईच्या कानात वायरचे हेडफोन होते, त्यामुळे त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं. त्यांना दिसत होता तो फक्त तिचा चेहरा.

पहिला अंक सुरळीत गेला. गाळणी गेल्यामुळे आता तिला नटाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, विंगेतून यायचा त्याहून जवळ. आणि हा तर ठेवाच होता. मुद्दाम थांबलेला नट श्वास सोडतो, विसरलेला नट श्वास धरून ठेवतो. शब्द इथून निघून तिथे पोचायला जरासा उशीर व्हायचा, म्हणून श्वास अडकतोय असं वाटताच ती शब्द सोडायची. तो अडखळायच्या आधीच शब्द हजर. दुसऱ्या अंकात म्हातारा असा रंगला की बाईला मनातून वाटलं, आपण नसतो तरी चाललं असतं.

तिसऱ्या अंकात त्यानं घात केला.

नाटक एका हट्टी बापाचं होतं. लेक त्याला आपल्या घरी न्यायला येते, तो नाही नाही म्हणतो आणि अगदी शेवटी, सगळं मनातलं बोलून झाल्यावर म्हणतो, चल, येतो मी. ते वाक्य म्हणजे नाटकाचा शेवट. बाप-लेकीच्या भांडणाचा मोठा प्रवेश अजून जेमतेम सुरू झाला होता. लेक म्हणाली, "बाबा, चला ना." आणि म्हाताऱ्यानं, कुणास ठाऊक कुठल्या तंद्रीत, कंठ दाटून म्हटलं, "चल. येतो मी."

संपलं. नाटकातला सगळ्यात मोठा प्रवेश गिळून नाटक संपलं. लेकीचं काम करणारी पोरगी गप्प झाली, कारण त्या वाक्यानंतर तिला वाक्यच नव्हतं. म्हाताऱ्याचा श्वास अडकला. समोर बाकावर तिघांचे चेहरे पडले, कारण बाईचा पडला होता. नवऱ्यानं उठायला सुरुवात केली, तिनं हातानंच त्याला खाली बसवलं.

वहीत काही नव्हतं. तिनं पान उलटलंसुद्धा नाही. लेखकानं अशा वेळेसाठी काही लिहिलेलं नसतं, आणि तीस वर्षांत वहीबाहेरचा एक शब्द तिनं कुणाला दिला नव्हता. पापच ते. पण वाट बघायला वेळ नव्हता. तिची नजर समोर पसरलेल्या आपल्याच पायावर गेली, आणि तिनं ओठ फोनला लावून वाक्य सोडलं.

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग म्हाताऱ्यानं सोडलेला लांब श्वास, आणि खुर्चीत धप्प बसल्याचा आवाज. आणि मग तो खणखणीत आवाज.

"येतो म्हणालो खरा. पण पाय नाही म्हणतायत. आधी त्यांची समजूत घाल."

प्रेक्षागृह दणाणलं. आधी हशा, मग हशावर टाळ्या. पोरगी हुशार निघाली. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिथूनच भांडायला लागली, लेखकानं लिहिलेल्या शब्दांत, जिथून भांडण सुरू व्हायला हवं होतं अगदी तिथून. बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एक शब्दही न चुकता ती पुढचं देत होती. बाकावरच्या तिघांना काय झालं ते कळेना, पण बुडालेलं काहीतरी वर आलं एवढं कळलं. जाऊबाईनं पदर तोंडात कोंबला.

शेवटी म्हातारा पुन्हा म्हणाला, चल, येतो मी. या वेळी हक्काच्या जागी.

पडदा पडला. बाईनं हेडफोनची वायर फोनमधून उपसून काढली, आणि टाळ्या त्या बंद खोलीत धबाधबा ओतल्या गेल्या. भिंतीला, कपाटाला, तिघांच्या घामेजल्या तोंडांना लागल्या. थांबेचनात. तिघे ऐकत राहिले. बोलायची बंदी आता उठली होती, पण त्या घरात पहिल्यांदाच कुणाचं काही मत नव्हतं.

मग नटाच्या खिशातून फोन निघाल्याची खुडखुड झाली आणि दिग्दर्शकाचा आवाज आला. धापा टाकत होता. म्हाताऱ्यानं शेवटचं वाक्य आधीच म्हटल्याबरोबर त्याचा तो पडदा इमानदारीत शेवटच्या पानावर जाऊन बसला होता, आणि मग हलायला तयारच नव्हता. हे सांगताना त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

"बाई, ते पायांचं वाक्य कुणाचं? वहीत नाहीये. लेखक इथे माझ्याशेजारी उभे आहेत, ते म्हणतात त्यांचं नाही."

बाईनं नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं, जाऊबाईकडे पाहिलं. आणि तीस वर्षांत वापरला नव्हता तो सगळा आवाज लावून ती म्हणाली, "माझं."

पलीकडे दोन माणसं काहीतरी बोलली.

"लेखक म्हणतात, नाटकात राहू दे," दिग्दर्शक म्हणाला. "आणि पडदा मी परत पाठवतोय. पाय बरा होईपर्यंत घरूनच करा. तोवर तुमची खुर्ची विंगेत रिकामीच राहील. तिच्यावर मी कुणाला बसू देणार नाही."