लाल खारव्याने ऐकलेलं नाव

मी एक जुना खारवा आहे, मित्रांनो. खारवा म्हणजे लाल, जाडंभरडं कापड. कचेरीतल्या कागदांचे गठ्ठे माझ्यासारख्या कापडात बांधतात आणि त्या गठ्ठ्याला बस्ता म्हणतात. एका कोपऱ्याला मला उंदराने कुरतडलं आहे, रंगही विटला आहे; पण वीण अजून शाबूत आहे. खोटं कशाला सांगू, मला तिचा गर्व आहे.

माझा जन्म हातमागावर झाला. विणकराने ठोकून ठोकून विणलं, रंगाऱ्याने रंगात बुचकळलं, आणि निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली तेव्हा मी अंबडच्या तहसिलीत नोकरीला लागलो. वडीगोद्रीच्या बाजूच्या एका लहानशा गावाचे जमिनीचे कागद माझ्या पोटात घातले. कोणतं शेत कोणाचं, त्यात विहिरी किती, आंब्याची झाडं किती, सगळं त्यात आहे. मी स्वतः अडाणी. अक्षर म्हणजे काळी मुंगी की माशी, तेही मला कळत नाही. पण अख्ख्या गावाचे बापजादे मी उराशी धरून बसलोय, हे काय कमी आहे?

पूर्वी माझा थाट होता. दर आठवड्याला कोणीतरी यायचं, माझी गाठ सुटायची. हातभर बांधासाठी भांडणारे भाऊसुद्धा मी बघितले. मग सातबारा मोबाईलवर आला आणि गरज सरो, वैद्य मरो! मी वरच्या फळीवर धूळ खात पडलो. एका पावसाळ्यात वाळवी भिंतीवर चढली. शेजारचा बस्ता तिने पोखरला, तेव्हा मी फार घाबरलो. धर्मराज नावाचे लिपिक नवीनच आले होते. त्यांनी आम्हाला खाली उतरवलं, ऊन दाखवलं आणि घडीत कडुलिंबाचा पाला घातला. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आता पुन्हा माणसं येऊ लागली आहेत. हल्ली ती बांधासाठी कमी आणि पणजोबासाठी जास्त येतात. वंशावळ शोधायची म्हणतात. अशाच एके दिवशी आसराबाई आल्या.

आसराबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. सोबत नात होती, रेणुका, कॉलेजात शिकणारी. घनसावंगीहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून दोघी येत, आणि ही त्यांची तिसरी खेप होती. त्यांचं घराणं मेंढपाळांचं. शेतात रात्रभर मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि पुढच्या गावाला जायचं. आता घरातले सगळे शेतीत, मजुरीत रुळलेत. पण सोयरीक जुळवायला बसलं की पाहुणे विचारत, तुमचं मूळ गाव कोणतं? आणि फिरस्त्यांना कसलं आलंय गाव, म्हणून गालातल्या गालात हसत. आसराबाईंना ते जन्मभर बोचलं होतं. त्यांचे सासरे सांगायचे, की वडीगोद्रीजवळच्या त्या गावात ओढ्याकाठी आपलं शेत होतं, तिथली विहीर मी खणली, दुष्काळात ते विकावं लागलं. डोळे मिटायच्या आत ते कागदावर आहे का, एवढंच आसराबाईंना बघायचं होतं.

अडचण एकच होती. सासऱ्यांचं नाव कोणालाच माहीत नाही, असं रेणुका सांगे. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या मुलाच्या, म्हणजे आसराबाईंच्या नवऱ्याच्या रेशनकार्डावरही लिहिणाऱ्याने ऐकलं तेच उतरवलं होतं: कल्याण आबा. धर्मराजांनी दोन खेपा माझ्या पोटातले आबा शोधले. ढीगभर निघाले, पण त्यांतला एकही मेंढपाळ नव्हता.

त्या दिवशी धर्मराजांनी सांगितलं, की उद्या हे बस्ते स्कॅनिंगला जालन्याला जाणार, मग दोन-तीन महिने हाती लागायचे नाहीत. असं म्हणून त्यांनी माझे पदर ओढून गाठ मारायला घेतली.

"आजी, आबा गावोगाव हायेत. कागदावर पाळण्यातलं नाव असतंय. कोणालाच ठाऊक न्हाई का?"

आसराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हळूच म्हणाल्या, "मला ठाऊक हाय."

रेणुका बघतच राहिली. आजीला नाव माहीत होतं आणि तिला कोणी सरळ विचारलंच नव्हतं! मग आता सांग ना, म्हणून ती मागे लागली.

"सासऱ्याचं नाव सून घेती का, बाई? साठ वर्सं झाले, तोंडातून काढलं न्हाई."

रेणुकाने कानात सांग म्हटलं, तेही आजीला जमेना. महादेवाचं नाव आहे, एवढं तिने सांगितलं. धर्मराजांनी शंकर बघितले, शिवराम बघितले, महादूही झाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पान माझ्याच पोटात आणि मी मुका! शेवटी धर्मराज हताश होऊन पुन्हा गाठ बांधू लागले.

तेव्हा आसराबाईंनी माझ्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे मिटले आणि स्पष्ट म्हणाल्या, "त्रिंबक."

धर्मराजांना ते पान पाच मिनिटांत सापडलं. त्यांनी मोठ्याने वाचलं: त्रिंबक वल्द मल्हारी, धनगर. तीन एकर बारा गुंठे. ओढ्यालगत. विहीर एक. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, हे त्यांनी समजावलं. म्हणजे त्रिंबकांच्या वडिलांचं नाव मल्हारी! ते तर आसराबाईंनाही ठाऊक नव्हतं. रेणुकाने आजीचं बोट धरून त्या ओळीवरून फिरवलं. आजी रडत होती आणि हसतही होती.

"घेतलं मी नाव," ती म्हणाली. "मामंजी रागावले तर रागवू द्या. इहीर तर सापडली."

त्या दोघी नक्कल घेऊन निघाल्या, तेव्हा माझी छाती फुगली होती. सत्तर वर्षं मी त्या विहिरीला ओल लागू दिली नाही की वाळवी लागू दिली नाही. इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

पण मित्रांनो, एक गोष्ट त्या दिवशी मला उमगली. आम्हाला झाडा, ऊन दाखवा, कोरड्या जागी ठेवा, एवढं तर मी मागणारच. त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. आज घरी गेलात की म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि सगळ्यांची नावं विचारा, बायकांचीही. कागद मी आणखी शंभर वर्षं सांभाळीन. पण आसराबाई ते नाव न घेताच देवाघरी गेल्या असत्या, तर ते पान माझ्याजवळ असूनही कोणाचंच नसतं.