गुलाबी तळ

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी यंत्राने हायड्रोजन दाखवला. दाखवायला नको होता.

चंबूत पाणी होतं, पांढरी पूड होती, समोर दिवा. सोन्याचे कण या खेपेला मुद्दाम घातलेच नव्हते. ते असले तरच उजेडात पाण्यातून वायू सुटतो, एवढंच प्रबंधाचं म्हणणं होतं. तीन वर्षांचं काम. शुक्रवारी सादर करायचं.

"सोन्याशिवायही येतोय वायू," प्रबंध लिहिणारी पोरगी स्टुलावर मटकन बसली. "म्हणजे माझं सोनं नुसतं मिरवायला होतं, काका."

काका प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुणारे. एकतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला चार महिने उरले होते. कोणी रडवेलं झालं की ते चहा आणत. आज त्यांनी चंबू रिकामा केला, विसळला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

तळाला फिकट गुलाबी झाक होती.

इतकं बारीक सोनं पिवळं नाही, गुलाबी दिसतं, हे त्यांना पुस्तक न उघडता ठाऊक होतं. साबणाने ते निघत नाही. सोनं विरघळवणाऱ्या अम्लराजात भांडं तासभर ठेवावं लागतं, मग पाण्यावर पाणी. गेले तीन आठवडे त्यांनी तो तास गाळला होता. बायको इस्पितळात, भेटीची वेळ साडेपाचपर्यंत. आणि रोज चारला हीच पोरगी म्हणायची, "निघा, काकू वाट बघत असतील. मॅडमनी विचारलं तर मी बघते."

आत्ता तो चंबू गुपचूप अम्लराजात बुडवला असता, तर कोणाला काही कळलं नसतं. सकाळचा आकडा मात्र तिच्या वहीत तसाच राहिला असता.

"सोनं होतं," काका म्हणाले. "माझ्यामुळे. तीन आठवडे नुसत्या साबणावर उरकतोय. हा तळ बघ."

तिने बघितलं. "मॅडमना सांगावं लागेल."

"मीच सांगतो."

"काका, चार महिने राहिलेत तुमचे!"

"अगं, तुझ्यामुळे काकूच्या उशाशी बसायला मिळालं. आता भिंत धरून चालते ती. त्याच्या बदल्यात तुला काय देऊ, खोटा आकडा?"

ती नाक पुसत हसली. "सोनं दिलंत की. तेही फुकट."

काकांनी हातमोजे चढवले. धूर ओढणाऱ्या कपाटात तासभर नारिंगी अम्ल चंबूत राहिलं. तेवढ्यात ते पोरीच्या मार्गदर्शक मॅडमकडे जाऊन आले. मॅडमनी सगळं ऐकलं, तारखा लिहून घेतल्या आणि "बरं" म्हणाल्या.

साडेबाराला दिवा पुन्हा लागला. चंबू तोच, सोनं नाही.

साडेतीनपर्यंत यंत्रावरची रेघ सपाट आहे, वायू नाही. गेल्या तीन आठवड्यांतले संशयातले अकरा प्रयोग पुन्हा करायचे आहेत. शुक्रवार पुढे ढकलला जाईल का, ते कळलेलं नाही. मॅडमनी काकांना उद्या दहाला बोलावलं आहे. कशासाठी, ते सांगितलेलं नाही.