मिनिटाला वीस ओळी

मित्रांनो, मी शाईविना छापणारे एक जुने यंत्र आहे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी मी कागदावर ठिपके उठवते. माझ्या पोटात बारीक हातोड्यांची रांग आहे. त्या खालून आदळल्या की कागद टचकन वर येतो आणि बोटाला अक्षर लागते. एका वाचनालयाच्या कोपऱ्यात मी चौदा वर्षे बसून आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या माहितीपत्रकावर छापले होते, मिनिटाला साठ ओळी. तेव्हा ते खरेच होते. पुढे हातोड्यांच्या स्प्रिंगा सैल झाल्या. साठच्या वेगात हातोडी पुरती वर पोचण्याआधीच कागद पुढे सरकू लागला आणि ठिपका अर्धवट उठू लागला. सराईत वाचकांना तोही पुरत असे. म्हणून कोणी तक्रार केली नाही.

मग मावशी आली. तिने तीस वर्षे एका दवाखान्याचे कपडे धुतले होते. सोड्याच्या गरम पाण्याने तिच्या बोटांची सालपटे निघून निघून ती टणक झाली होती. बासष्टाव्या वर्षी तिची नजर गेली. शाळेचे तोंड तिने कधी पाहिले नव्हते. आयुष्यातले पहिले अक्षर ती इथे, ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसून, बोटाने शिकत होती.

"बाई, हा कागद गुळगुळीत आहे," ती म्हणायची.

"ठिपके आहेत मावशी. बोट हळू फिरवा."

"बोट कुठलं, टाच आहे ती. तिला काय कळतंय."

तिचा लेक याच वाचनालयातले संगणक सांभाळायचा. त्याने एक दुपार माझ्यापाशी बसून काढली. साठवर पान काढले, पन्नासवर काढले, चाळीसवर, तीसवर. प्रत्येक पान तो आईच्या बोटाखाली सरकवी आणि ती मान हलवी. वीसवरचे पान दिले तेव्हा तिचे बोट थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"साबण," ती म्हणाली. "तीस वर्षं पिच्छा सोडला नाही मेल्याने, इथेही आला."

लेक इतका हसला की ग्रंथपाल बाईंना त्याला गप्प करावे लागले.

मित्रांनो, संगणक आणि माझ्यासारखे यंत्र यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. अमुक वेगाने छाप, असा हुकूम आधी त्याच्याकडे येतो. तो वेग यंत्राला झेपेल का, हे तपासून मगच तो हुकूम पुढे सोडतो. न झेपणारा आकडा तो दारातूनच परत पाठवतो. लेकाने त्या तपासणीत माझी कमाल मर्यादा वीस लिहिली. कोणी साठ मागो की तीस, ड्रायव्हर नाही म्हणे आणि मी वीसवरच चाले.

"शेजारी कारणही लिही रे," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"काय लिहू? माझ्या आईची बोटं जाड आहेत म्हणून? लिहीन सावकाश."

ते राहूनच गेले.

लेकाला दूरच्या शहरात नोकरी लागली. आईने सोबत यावे म्हणून त्याने फोनवर हट्ट धरला. मावशी इथल्याच बाकावर बसून बोलत होती, म्हणून मी ऐकले. "इथे दारापासून बाकापर्यंतची पावलं मला पाठ आहेत. तिथे मी काय, तुझ्या घरातलं एक सामान?" पलीकडून तो काहीतरी लागेल असे बोलला असावा. मावशीने फोन ठेवला आणि बराच वेळ पदर चाचपत राहिली. फोनवर बोलले की भांडण होते, म्हणून दोघांनी पत्रांवरच राहायचे ठरवले. तो संगणकावरून मजकूर पाठवी, मी छापी. ते पान कोणी वाचायचे नाही, हा इथला दंडक. पान बाहेर येताच घडी घालून पाकिटात. आईलेकाच्या बोलण्यात तिसऱ्याचे डोळे नकोत, असे ग्रंथपाल बाई म्हणत.

पुढे बाई लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने रजेवर गेल्या. त्याच सुमारास परीक्षेची पुस्तके छापायला आली. मी वीसच्या चालीने खडखडत होते आणि ढीग वाढत होता. तेव्हा नवीन इंजिनीअर आला. माणूस कामाचा होता. त्याने ड्रायव्हर उघडला, माझे माहितीपत्रक शेजारी धरले आणि कपाळाला हात लावला.

"साठचं मशीन वीसवर बांधून ठेवलंय. टाइप करताना चुकलं असणार कोणीतरी."

त्याने वीस खोडून साठ केले. मित्रांनो, त्याने नंतर खात्रीही करून घेतली. एक पान छापले आणि कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला वाचायला दिले. सगळ्या वाचनालयात तिचे बोट सर्वांत चलाख. "थोडं फिकं आहे," ती म्हणाली, "पण वाचता येतंय."

"मग झालं तर."

मला बोलता आले असते तर मी म्हणाले असते, अजून एक हात बाकी आहे.

आठवड्याने लेकाचे पत्र आले. माझ्यातून ते क्षणात बाहेर पडले. देवघेवीच्या टेबलावरच्या माणसाने दंडक पाळला. न बघता घडी घातली आणि पाकीट मावशीला दिले. ती बाकावर बसली. एक ओळ चाचपली, दुसरी चाचपली, पान उलटून पाठ चाचपली.

"मावशी, काय म्हणतोय लेक?" टेबलावरून त्याने विचारले.

"मजेत आहे," ती म्हणाली.

कोरा कागद पाठवलाय, हे ती कोणत्या तोंडाने सांगणार होती? अजून रागावलाय, तिला वाटले. पाच दिवसांनी दुसरे पत्र आले. तेही तिने तसेच चाचपले आणि पिशवीत टाकले. उत्तर पाठवले नाही. त्यानंतर चौथ्या दिवशी लेकाच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचा फोन आला. ऑपरेशन टेबलावरच लेक गेला होता.

ग्रंथपाल बाई रजा सोडून आल्या. मावशीने पिशवीतली दोन्ही पाने त्यांच्यापुढे ठेवली. "बघा बाई, जाताना माझ्याशी अबोला धरून गेला."

बाईंनी पान खिडकीशी तिरपे धरले. उजेडात अर्धवट उठलेले ठिपके त्यांना दिसले. मग त्यांनी स्वतः ड्रायव्हरमध्ये वीस लिहिले आणि दोन्ही पत्रे मला पुन्हा छापायला दिली. मी इतकी जड कधीच चालले नव्हते.

मावशीने पहिले पान वाचले. पोटात गाठ निघाली आहे, घाबरू नकोस, पण ये. दुसऱ्यावर दोनच ओळी होत्या. 'तू आली नाहीस तरी मी रागावलो नाही. मी बोललो ते विसर.'

ती रडली नाही. पुन्हा पहिल्या ओळीवर बोट नेले.

इंजिनीअर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "मावशी, तो आकडा मी बदलला."

"तुला काय माहीत असणार बाबा. त्याने लिहून ठेवायला हवं होतं. आणि मला तोंड होतं, मी विचारायला हवं होतं."

त्याने त्याच दिवशी ड्रायव्हरमध्ये वीसच्या शेजारी सगळे कारण लिहिले. मावशीच्या बोटांसकट.

मित्रांनो, बोट फिरून फिरून ठिपके बसतात. महिन्याभरात ते पान सपाट होते. मग मावशी पावले मोजत माझ्यापर्यंत येते आणि ग्रंथपाल बाईंना म्हणते, "बाई, माझं पत्र पुसलं." मी ते पुन्हा छापते, एकेक ठिपका जीव लावून. आता माझ्या जागी नवे, चपळ यंत्र येणार आहे असे ऐकते. त्याचा वेग ठरवाल तेव्हा माहितीपत्रक जरूर बघा. पण पहिले पान तिच्या हातात द्या, आणि ती वाचून होईपर्यंत थांबा.