सकाळचं लिटरभर ऑइल

क्लेम हार्टविग टपालाच्या फेरीवरून परतला तेव्हा त्याच्या पिकअपमागे निळसर धूर होता. लिओनीने तो वर्कशॉपच्या दारातून पाहिला. या रस्त्यांवरची धूळ लाल असते आणि डिझेलचा धूर काळा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय.

कॉपलीत गाड्या दुरुस्त करणारं वर्कशॉप एकच, आणि ते क्लेमच्या या मुलीचं. क्लेम सत्तरी ओलांडलेला. आठवड्यातून दोनदा तो डोंगरांपलीकडच्या मेंढ्यांच्या फार्मांवर टपाल न्यायचा. टपाल म्हणजे पत्रं, औषधं, पाव, टायर, आणि कोणी मागवलाच तर एखादा फ्रिज. परत येईपर्यंत संध्याकाळ व्हायची. डिसेंबर लागला होता, म्हणजे इकडचा ऐन उन्हाळा; पत्र्याला हात लावला तरी चटका बसत होता. अशा दिवसांत दोन फार्मांच्या मध्ये गाडी बंद पडली, तर मदत येईपर्यंत माणूस टिकेलच असं नव्हतं.

"डॅड, ऑइल किती घालतोस?" लिओनीने विचारलं.

"लागेल तेवढं. सकाळी लिटरभर तर पितेच."

"लिटरभर? प्रत्येक फेरीला?"

"तूही चहाशिवाय हलत नाहीस. तुझं पोट उघडून पाहिलं का मी कधी?"

तो नेहमीसारखा हसला आणि हात धुवायला गेला. तो आत गेल्यावर तिने बॉनेट उघडून चोरून डिपस्टिक, ऑइलची पातळी मोजायची दांडी, ओढली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं होतं, बरोबर हवं तेवढं. तिने ती पुसून घाईने परत घातली.

चोरून, कारण इकडे रिवाजच आहे की गाडी जो चालवेल, तिचं ऑइल त्यानेच बघायचं. दोघांवर सोपवलं की 'त्याने पाहिलं असेल' म्हणत दोघंही बघत नाहीत. दुसऱ्याच्या गाडीची डिपस्टिक न विचारता ओढणं म्हणजे त्याचा जबडा उघडून दात तपासण्यासारखं. हे लिओनीला शिकवलं होतं क्लेमनेच, तिचे पाय पेडलपर्यंत पोचायच्या आधी. गेले दोन उन्हाळे ती त्याच्या गाडीचे ब्रेक बघायची, बेअरिंगं बदलायची, ठरल्या वेळी जुनं ऑइल काढून नवं भरायची. पण रोजचं ऑइल त्याचं.

दुसऱ्या दिवशी तिने टर्बोपुढची, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणाऱ्या पंख्यापुढची, नळी सोडवली. आतून ऑइल ओघळलं. इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी ब्रीदरची नळी पुन्हा हवेच्या वाटेला जोडलेली असते. त्या वाफेबरोबर ऑइल वर येत होतं, टर्बोत जात होतं आणि जळत होतं. थोडंफार प्रत्येक डिझेल इंजिनमध्ये येतंच. हे थोडंफार नव्हतं.

तिने कॅच कॅन लावायचं ठरवलं. हा एक धातूचा डबा असतो, आत जाळी. ब्रीदरची वाफ त्यातून जाते, ऑइल जाळीला लागून तळाशी साठतं, हवा पुढे निघून जाते. इकडे निम्म्या गाड्यांना तो असतोच. बॅटरीच्या बाजूला एक्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब जागा पाहून तिने ब्रॅकेट बसवलं. नळ्या कापताना त्यांना कुठे झोळ पडणार नाही, वळणावर त्या चिमटणार नाहीत हे पाहिलं. ही वाट तुंबली तर इंजिनच्या पोटातला दाब सीलं फोडून बाहेर येतो. तळाला तोटी लावून तिची नळी खाली सोडली.

क्लेम स्टुलावर बसून क्वांडाँग या रानफळाचा जॅम भरलेली पाय-पेस्ट्री खात होता. "थर्मास लावतेस का माझ्या गाडीला?"

"ऑइल साठेल यात. फेरीहून आलास की तोटी उघडून रिकामा करायचा."

"म्हणजे हिचं ऑइल पिणं बंद होणार?"

"नाही. किती पिते ते दिसेल फक्त. टर्बोत जायच्या ऐवजी इथे जमेल."

"मग औषध कुठलं हे? हे तर थर्मामीटर झालं."

"आधी ताप तर मोजू. डबा भरून वाहायला लागला तर मात्र फेरी बंद. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटलं ना, तर चावी काढली तरी थांबत नाही."

"फेरी बंद करून मी काय करू? लोकरीचे मोजे विणू?" त्याने बोटाला लागलेला जॅम चाटला. "घट्ट कर ते ब्रॅकेट. मुंडारा फार्मच्या रस्त्यावर दातसुद्धा सैल होतात."

पुढच्या फेरीहून तो आला तेव्हा धूर जवळजवळ नव्हता. डबा मात्र काठोकाठ भरला होता आणि पुढच्या नळीतही ऑइल उतरलं होतं. डबा महिन्याला पेलाभर जमेल एवढ्या हिशेबाचा. लिओनीला वाटलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या. रिंगा गेल्या तर इंजिन उतरवावं लागणार, आणि उन्हाळाभर टपाल दुसरं कोणीतरी नेणार. ते दुसरं कोणीतरी नंतर हे काम परत देईल याची खात्री नव्हती.

तिने एकेका सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून तपासलं. ऑइल भरायच्या तोंडाला कान लावला. रिंगा गेल्या असत्या तर तिथून फुसफुस ऐकू आली असती. काही नाही. टर्बो हाताने फिरवून पाहिला, तोही ढिला नव्हता. इंजिन चांगलं होतं.

ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून हिशेब मांडू लागली. इंजिन चांगलं, तरी डबा भरतो. सकाळी लिटरभर घालून ऑइल खुणेवर आणलं, दिवसभरात लिटरभर वर आलं, इथवर ठीक. पण आजही क्लेम आत गेल्यावर तिने पाहिलं, तर डिपस्टिक पुन्हा वरच्या खुणेवर. तो वाटेत पुन्हा घालत असेल असं तिने मागच्या वेळी धरलं होतं. आज तिने गाडीतला ऑइलचा जादा कॅन उचलून पाहिला. त्याचं सील फोडलेलं नव्हतं. जेवढं बाहेर आलं तेवढं पोटात कमी व्हायला हवं होतं, आणि कमी नव्हतं. म्हणजे सकाळी गाडी निघायची तेव्हाच ऑइल खुणेच्या वर असायचं. जास्तीचं ऑइल घुसळून ब्रीदरमधून बाहेर पडत होतं, आणि संध्याकाळपर्यंत हवं तेवढंच उरत होतं.

इंजिन ऑइल पीत नव्हतं. त्याला पाजलं जात होतं.

फेरीच्या दिवशी सकाळी ती पाव घेऊन बापाच्या घरी गेली आणि अंगणातल्या टाकीपाशी थांबली. क्लेमने बॉनेट उघडलं, झाकण फिरवलं, मापाने लिटरभर ऑइल ओतलं. डिपस्टिकला हात लावला नाही. झाकण लावून तो आत गेला, टपालाची पिशवी घेऊन आला, ती सीटवर ठेवली. उघड्या बॉनेटकडे पाहिलं. मग झाकण फिरवलं आणि पुन्हा लिटरभर ओतलं.

"डॅड."

"आलीस? पाव ठेव आत. हिरवीचं न्याहारीपाणी चाललंय."

हिरवी म्हणजे त्याचा जुना ट्रक. तिला फेरीच्या दिवशी सकाळी लिटरभर लागायचंच, सीलच तसं गळकं होतं. लिओनीची आई गेली त्या वर्षी तो ट्रक भंगारात गेला. समोरची पिकअप पांढरी होती.

लिओनी पुढे झाली आणि त्याच्यादेखत तिने डिपस्टिक ओढली.

"काय करतेस? गाडी कोणाची आहे?"

"तुझी."

"मग ठेव ते."

तिने ती पुसली, पुन्हा घातली, काढली आणि त्याच्यासमोर आडवी धरली. ऑइल खुणेच्या कितीतरी वर, दांडीच्या वळणापर्यंत होतं. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला. दांडी तिच्या हातातून घेऊन उजेडाकडे फिरवली. रागावलेला चेहरा हळूहळू काम करतानाचा झाला. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांतल्या चुका पाहताना व्हायचा तसा.

"एवढं कोणी घातलं?" त्याने विचारलं.

त्याने मापाकडे पाहिलं. मापाच्या काठावरून ऑइल अजून ठिबकत होतं. मग त्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"टपालाला उशीर होतोय," तो म्हणाला.

तिने खालचा बोल्ट सैल करून ऑइल खुणेपर्यंत उतरवलं. बॉनेट आपटून ती चालकाच्या सीटवर बसली. तो दोन्ही दारांच्या मध्ये जरा थांबला, मग दुसऱ्या बाजूने चढला. मुंडारा येईपर्यंत तो रस्त्यावरचे खड्डे आधीच सांगत होता. सगळे बरोबर.

मुंडारा फार्मवर डल्सी फित्झनर दारातच उभी होती. क्लेम कुत्र्यांशी बोलत मागे राहिला, तेव्हा तिने पाव हातात घेता घेता लिओनीकडे रोखून पाहिलं.

"शेवटी आलीस म्हणायची तू."

"शेवटी म्हणजे?"

"गेल्या महिन्यात एका सकाळी त्याने माझ्याकडे दोनदा चहा घेतला. पहिला घेतला, फाटकापर्यंत गेला, वळून आला आणि म्हणाला, डल्सी, चहा ठेव. मी ठेवला. पलीकडच्या फार्मची पत्रं माझ्या पेटीत पडतात, माझी तिकडे. आम्ही आपापसात बदलून घेतो."

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"टपाल तर वेळेवर येत होतं, पोरी. आणि त्याचं डोकं, त्याने बघायचं. मला वाटलं, तू पाहिलं असशील."

लिओनीने पावत्यांवर सही घेतली. तिला डल्सीवर चिडता आलं नाही. तिनेही दोन उन्हाळे बापाच्या गाडीचं सगळं पाहिलं होतं, एक गोष्ट सोडून.

संध्याकाळी वर्कशॉपमध्ये तिने डब्याची तोटी उघडली. तळाशी चमचाभर ऑइल निघालं. क्लेम वाकून बघत होता.

"रिंगा चांगल्या आहेत म्हणजे."

"चांगल्या आहेत."

"मी म्हणतच होतो." त्याने तोटी बंद केली. "डॉक्टरकडे कधी जायचं?"

"सोमवारी ती ली क्रीकच्या दवाखान्यात येते."

"आणि मंगळवारचं टपाल?"

"मी नेईन."

"वर्कशॉप कोण बघणार? आणि नुसती मी सांगितलेली वाट ऐकून गाडी चालवणार का तू? तुला मधला नाला कुठून ओलांडायचा तेही माहीत नाही."

"म्हणून तू बरोबर ये."

मंगळवारी ती पोचली तेव्हा तो बॉनेटपाशीच उभा होता. हातात भरलेलं माप, झाकण उघडलेलं.

"घातलं का मी?" त्याने विचारलं. आवाज साधा होता, किती वाजले विचारावं तसा.

"माहीत नाही. बघू."

तिने डिपस्टिक काढली. ऑइल खुणेला होतं. तिने दांडी त्याच्यापुढे धरली, त्याने मान हलवली आणि माप खाली ठेवलं. कमरेला खोचलेलं फडकं काढून तिच्या हातात दिलं.

"चालवणाऱ्याकडे असू दे," तो म्हणाला.

गावाबाहेरच्या पहिल्या फाटकाशी ती थांबली. फाटक बाजूला बसलेल्याने उघडायचं आणि साखळी अडकवून लावायचं असतं, नाहीतर मेंढ्या सुटतात. क्लेम उतरला, साखळी काढली, फाटक ओढून धरलं. ती गाडी पलीकडे घेऊन थांबली. तो फाटक लोटून आला, सीटवर बसला, पट्टा ओढला.

"चल. नाल्याच्या आधी डावीकडे ठेव."

लिओनीने गिअरवर हात ठेवला आणि आरशात पाहिलं. त्याने फाटक लावल्यावर असं मागे वळून तपासायची वेळ तिच्यावर आजवर कधी आली नव्हती. फाटक हलकेच झुलत होतं, साखळी खांबाला मोकळी लोंबत होती.

ती उतरली, मागे चालत गेली आणि साखळी अडकवून आली. तो पुढे रस्त्याकडे बघत बसला होता.