लग्नासाठी चार ओळी

परदेशात येऊन कवयित्रीबाईंचे केस पिकले. लाँड्रीत दिवसभर इस्त्री करायची आणि सुट्टीला कविता, हा नेम मात्र सुटला नाही. आपल्या माणसांत लग्न ठरलं की चार ओळी बाईंच्याच लागत.

त्या दुपारी शेजारचा शिंपी कपडे न्यायला आला, तो खुशीतच.

"वहिनी, लेकीच्या लग्नासाठी फक्कड काहीतरी लिहून द्या."

"अरे, ती शाळेत जाते! परवाच मला कविता दाखवायला आली होती."

"म्हणूनच. इथलं वारं लागायच्या आत उजवलेली बरी. आज रात्रीच गावी नेतोय. तिला सांगितलंय, आजी आजारी आहे. तुम्ही बोलू नका हं."

जळका वास आला, तेव्हा बाई भानावर आल्या. इस्त्रीखाली कुणाचा तरी शर्ट करपला होता.

घरी नवरा म्हणाला, "लिहून दे आणि मोकळी हो. आपल्याला याच लोकांत राहायचंय."

बाईंची पाठची बहीण अशीच कोवळ्या वयात उजवलेली. पहिल्याच बाळंतपणात गेली. तिच्यावरच्या कवितेला या लोकांनी टाळ्या दिल्या होत्या. आणि बाईंनी यांच्याच कोवळ्या पोरींच्या लग्नांना गोड गोड ओळी दिल्या होत्या.

संध्याकाळी त्या वरच्या मजल्यावर शिंप्याच्या घरी गेल्या. दाराशी बॅगा बांधून तयार.

"काकू, आजीला स्वेटर घेतलाय, बघा ना!" पोर म्हणाली.

"आजी ठणठणीत आहे, बाळ. तुझं लग्न ठरवलंय."

पोर आधी हसली. मग म्हणाली, "आई, काकू काय म्हणतायत?"

आई पाठमोरीच होती. नळाखाली धुतलेलाच कप पुन्हा धूत राहिली.

शिंप्याने बाईंना दंडाला धरून बाहेर काढलं. आतून कडी लागली. "आई, बोल ना!" अशी किंकाळी आली आणि मधेच तुटली.

बाईंनी बाहेरच्या उघड्या जिन्यातूनच मुलांच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"तुमचं नाव गुप्त ठेवता येईल," पलीकडून आवाज आला.

"नको. लिहा. कवितेखाली छापतात तेच, पूर्ण नाव. आणि लवकर या."

"वर ये! सगळे बघतायत!" नवरा आपल्या घराच्या खिडकीतून दबक्या आवाजात म्हणाला.

बाई शेवटच्या पायरीवर वाट अडवून बसल्या. समोरच्या खिडक्यांत एकेक पडदा हलत होता. टाळ्या देणारी सगळी माणसं घरातच होती. खाली कुणी उतरलं नाही. वर कडी निघाली आणि बॅगा ओढल्याचा आवाज पायऱ्यांवरून खाली येऊ लागला.